खाजणाची हद्द काढली ती अशी

मनोरीला मामांची खाडीलगत जमीन आहे. शेड बांधायची, तर खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारट दलदल, नेमकं कुठे संपतं ते कळायला हवं. एकाने मे महिन्याच्या उपग्रहचित्रावरून रेघ मारून दिली होती. उन्हाळ्यात चिखल वाळून पांढरा पडतो, त्यामुळे निम्मं खाजण त्याने कोरडी जमीनच धरलं!

मग पायी फिरलो. अमावास्येनंतरच्या उधाणाला पाणी जिथवर चढलं तिथे खुंट्या ठोकल्या. पण नुसत्या पाण्यावर विसंबू नये, बांध फुटका असला की ते भलतीकडे शिरतं. म्हणून खुंटीच्या दोन्ही बाजूंना फूटभर खड्डे घेतले. खाडीकडची माती पाण्याने भिजून राहिलेली: राखाडी, मुळांच्या कडेने गंजासारख्या रेघा, सडक्या अंड्याचा वास; वरच्या बाजूला सलग तांबूस. तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, चिखलातून वर येणारी श्वसनमुळं दिसली की शंकाच नको.

मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर सहज चुकतं. त्यामुळे अंतरं बांधाच्या कोपऱ्यापासून टेपने घेतली आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये गावनकाशावर बसवली. कांदळवनाभोवतीचा, बांधकामाविना सोडायचा ५० मीटरचा पट्टा वेगळा दाखवला.

"अरे, म्हणजे शेडची जागा गेली की!" मामा म्हणाले. गेलीच. परवानगीसाठी भरतीरेषेचा नकाशा अधिकृत संस्थेचाच लागतो, पण शेड आता रस्त्याकडे सरकवली आहे.