एक्स्पोर्ट ४ जीबीवरच का अडकत होतं

बारशाचा दीड तासाचा व्हिडिओ. पेनड्राइव्हवर २५ जीबी मोकळी, तरी ‘जागा अपुरी’ म्हणून एक्स्पोर्ट (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) मध्येच बंद. अर्धवट फाइल बघितली तर ३.९९ जीबी! तिथेच खोड कळली. पेनड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिम (ड्राइव्हवर फाइल्स साठवायची पद्धत): फॅट३२. तिच्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही, ड्राइव्ह केवढाही असो. ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट डेटा) ही मर्यादा साडेअकरा मिनिटांत गाठली जाते.

ड्राइव्हवरचा डेटा आधी हलवला (फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं), ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (४ जीबीची ही मर्यादा नसलेली फाइल सिस्टिम) फॉरमॅट केला, एक्स्पोर्ट लॅपटॉपवर करून मग कॉपी केलं. थेट पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट करूच नये, रखडतं.

टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर फॅट३२च ठेवा. एक्स्पोर्ट करताना व्हिडिओ ५ एमबीपीएस, आवाज १२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) ठेवा. दीड तास साडेतीन जीबीत बसतो.