पीएलसी-रोबोटिक्स सर्टिफिकेट करताय? प्रॅक्टिकलमधल्या या चुका टाळा

रोबोटिक्स-ऑटोमेशनच्या सर्टिफिकेट कोर्सला आलेल्या बहुतेकांचं लक्ष कोपऱ्यातल्या रोबोवर असतं. अडतं मात्र पॅनेलवरच्या दोन रुपयांच्या वायरपाशी.

स्टॉप बटणाचंच घ्या. बटण एनसी, म्हणजे दाबलेलं नसताना जोडलेलं. म्हणून मुलं लॅडरमध्येही, म्हणजे पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) शिडीसारख्या दिसणाऱ्या प्रोग्राममध्येही, एनसी कॉन्टॅक्ट टाकतात आणि मोटर सुरूच होत नाही. कारण साधं आहे: बटण मोकळं असताना पीएलसीच्या इनपुटला 24 व्होल्ट मिळतात, तो बिट 1 असतो, आणि प्रोग्राममधला एनसी कॉन्टॅक्ट 1 मिळाला की उघडतो, म्हणजे जोड तुटते. प्रोग्राममध्ये एनओ, म्हणजे 1 मिळाला की जोडला जाणारा, कॉन्टॅक्ट टाकायचा, वायरिंगला हात लावायचा नाही. पण वायव्हाच्या घाईत अनेक जण बटणच एनओ (दाबल्यावरच जोडलं जाणारं) करून टाकतात. मोटर फिरते, मार्कही मिळतात. पुढे कारखान्यात तीच वायर तुटली की बटण कितीही दाबा, मशीन थांबत नाही. एनसी वायरिंगमध्ये वायर तुटली तर मशीन आपोआप थांबतं. एनसी वापरायचं तेवढ्यासाठीच. इमर्जन्सी स्टॉप तर नुसता प्रोग्रामच्या भरवशावर कधीच ठेवू नका.

सेन्सरवरचा दिवा लागतो, पण पीएलसीचं इनपुट ढिम्म? लगेच सेन्सर बदलायला धावू नका. तो पीएनपी (सिग्नलवर प्लस देणारा) आहे की एनपीएन (सिग्नल शून्याला जोडणारा) ते आधी बघा. तपकिरी वायर प्लस, निळी शून्य, काळी सिग्नल. सेन्सरसमोर धातूचा तुकडा धरा आणि मीटर काळ्या-निळ्यावर लावा: 24 व्होल्ट आले तर पीएनपी. काळ्या-तपकिरीवर आले तर एनपीएन. इनपुट कार्डाचं कॉमन पीएनपीला शून्यावर, एनपीएनला 24 व्होल्टवर लागतं. काही कार्डं एकाच प्रकारचा सेन्सर घेतात, तेव्हा लेबल वाचूनच खरेदी करा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती डबल कॉइल, म्हणजे एकच आउटपुट प्रोग्राममध्ये दोनदा लिहिणं. ऑटोसाठी एका ओळीत क्यू0.0 (मोटरचं आउटपुट), मॅन्युअलसाठी खाली पुन्हा क्यू0.0. स्कॅन, म्हणजे पीएलसीचं प्रोग्राम वाचणं, वरून खाली जातो, त्यामुळे शेवटच्या ओळीचंच चालतं. ऑटोची ओळ स्क्रीनवर हिरवी, मोटर मात्र बंद! दोन्ही अटी वेगळ्या मेमरी बिटमध्ये घ्या आणि आउटपुट एकदाच लिहा. सॉफ्टवेअरमधली क्रॉस रेफरन्स यादी (कोणतं आउटपुट कुठे कुठे वापरलंय ते दाखवणारी) उघडली की दुहेरी कॉइल लगेच सापडते.

एक कागदी गोष्ट. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्याप्रमाणे पदवीच्या पहिल्या वर्षानंतर यूजी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं असेल, तर नुसते 40 क्रेडिट पुरत नाहीत; 4 क्रेडिटचं व्होकेशनल काम किंवा इंटर्नशिपही लागते. परत यायचं तर 3 वर्षांच्या आत. ही चौकशी प्रवेशाआधीच करा.

आता रोबो. टीच पेंडंट (रोबोला हालचाली शिकवायचा हातातला कंट्रोलर) हातात आला की सारखा सर्वो ऑफ होतो, म्हणजे रोबोच्या मोटरांची पॉवर जाते, अशी तक्रार हमखास येते. बिघाड बहुधा आपल्या हाताच्या पकडीत असतो. पेंडंटवरच्या एनेबल स्विचला तीन स्थिती असतात: सोडला तरी बंद, घाबरून गच्च आवळला तरी बंद, मधेच चालू. घाबरल्यावर माणूस एक तर सोडतो किंवा आवळतो, म्हणूनच तो तसा बनवलाय. टेप लावून स्विच दाबून ठेवणारे महाभाग असतात. त्यांच्याबरोबर सेलमध्ये, म्हणजे रोबोच्या कामाच्या जागेत, जाऊ नका. सरळ रेषेत जाताना सहा अक्षांचा रोबो अडून एरर देत असेल, तर पाचवा अक्ष शून्याजवळ आलाय का बघा. तिथे चौथा आणि सहावा एका रेषेत येतात. जॉबची (ज्यावर काम चाललंय त्या वस्तूची) जागा थोडी सरकवा, किंवा तेवढ्या टप्प्यापुरती सरळ रेषेऐवजी जॉइंट मूव्ह (प्रत्येक अक्ष आपापला फिरवणारी हालचाल) वापरा.