पिकअपच्या रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखे: काम हाती घेण्यापूर्वी

वाहनदुरुस्तीच्या कामात नव्याने आलेल्यांना हे काम सोपे वाटते, कारण वरवर पाहता त्यात जुना पंखा उतरवून नवा बसवायचा असतो. प्रत्यक्षात पंखा बसवायला फारसा वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो हवेची वाट नीट बांधण्यात आणि विजेचा हिशोब जुळवण्यात. ही कामे करताना आणि शिकाऊ मुलांकडून करून घेताना जे मला महत्त्वाचे वाटत आले, ते येथे मांडत आहे.

सर्वप्रथम गाडी नेमकी केव्हा तापते हे विचारावे. उभ्या गाडीत किंवा गर्दीत काटा चढत असेल आणि वेग घेताच खाली येत असेल, तर रेडिएटरमधून जाणारी हवा अपुरी आहे, असे समजावे. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना मात्र समोरून येणारा वारा सहसा पुरेसा असतो. तेव्हाही गाडी तापत असेल तर चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे शीतकाची, वाट तापमानानुसार उघडणारी झडप), झिजलेला वॉटर पंप यांकडे पाहावे, कारण कितीही चांगला पंखा बसवला तरी तो दोष जाणार नाही.

मूळ यांत्रिक पंख्याला कमी लेखू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तो इंजिनाच्या जोरावर फिरतो आणि पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला इंजिनाच्या फिरण्याशी जोडणारा भाग) पूर्ण धरल्यावर मोठा पंखा काही किलोवॉट सहज घेतो. याउलट प्रत्येकी 30 अँपिअर घेणाऱ्या दोन इलेक्ट्रिक पंख्यांना 13.5 व्होल्टवर मिळून सुमारे 800 वॉटच मिळतात. म्हणून जो मालक जड ट्रेलर ओढत कमी वेगाने लांबलचक चढ चढतो, त्याला यांत्रिक पंखाच ठेवण्याचा सल्ला द्यावा आणि काम हातचे गेले तरी चालेल असे मानावे. इलेक्ट्रिक पंख्याचा लाभ वेगळा आहे: इंजिन आयडलिंगला असतानाही तो पूर्ण वेगाने फिरतो आणि गरज नसते तेव्हा पूर्ण थांबतो. पट्ट्यावरून अल्टरनेटर, तेथून वायर आणि मग मोटर या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा वाया जाते. त्यामुळे होणारी बचत पंखा बंद असलेल्या वेळातूनच होते.

हवेच्या बाबतीत श्राउडला, म्हणजे पंख्याभोवती रेडिएटरवर बसणाऱ्या आवरणाला, पर्याय नाही. श्राउडशिवाय लावलेला पंखा फक्त आपल्या पात्यांसमोरच्या गोल भागातून हवा ओढतो आणि रेडिएटरचे कोपरे तसेच गरम राहतात. श्राउडने रेडिएटरची शक्य तितकी जाळी झाकावी, कडेच्या फटी बुजवाव्यात आणि पाती जाळीपासून थोडी दूर ठेवावीत, म्हणजे हवा सर्व बाजूंनी ओढली जाते. मोठ्या श्राउडला रबरी झडपा असाव्यात. त्या वेगात असताना वाऱ्याने उघडतात, नाहीतर श्राउड स्वतःच वाऱ्याची वाट अडवतो. जागा असेल तर पंखा इंजिनाच्या बाजूला बसवून हवा ओढून घ्यावी, आणि जाळीतून प्लॅस्टिकचे पट्टे ओवून पंखा टांगण्याची पद्धत अजिबात वापरू नये, कारण कंपनाने नळ्या घासून शीतक गळू लागते.

आता विजेकडे येऊ. नवशिक्यांनी सर्वाधिक वेळ येथे द्यावा. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा तो वेगाने फिरतानाचा असतो, आयडलिंगला मिळणारा प्रवाह त्याहून बराच कमी असतो, आणि पंख्यांना विजेची गरज सर्वाधिक नेमकी त्याच वेळी लागते. म्हणून दिवे, वातानुकूलन आणि पंखे एकदम चालू ठेवून, इंजिन आयडलिंगला असताना बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे. ते 13 च्या बऱ्याच खाली घसरत असेल तर आधी अल्टरनेटरचा विचार करावा. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या काही पट प्रवाह क्षणभर ओढते, त्यामुळे प्रत्येक पंख्याला स्वतंत्र रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज द्यावा आणि दुसरा पंखा काही सेकंद उशिरा सुरू होईल अशी सोय करावी. फ्यूज बॅटरीजवळच असावा, कारण त्याने आधी वायरचे रक्षण करायचे असते. अर्थिंगची वायर मुख्य वायरइतकीच जाड घ्यावी. पंखा चालू असताना बॅटरीच्या धन टोकापासून पंख्याच्या धन टोकापर्यंत, आणि तसेच ऋण बाजूला, मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे; कोणत्याही बाजूला अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसली तर जोडणी पुन्हा करावी.

रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकाला वीज थेट बॅटरीकडून फ्यूजमार्गे द्यावी आणि इग्निशनची वायर फक्त रिलेच्या आतील कॉइलसाठी वापरावी. पंख्याचा मुख्य प्रवाह इग्निशनच्या वायरीतूनच घेतला, तर चावी बंद केल्यावर फिरत राहिलेली मोटर जनित्रासारखी वीज उलट पाठवते आणि काही गाड्यांचे इंजिन त्यावर काही क्षण चालूच राहते.

तापमानाची निवड थर्मोस्टॅट पाहून करावी. तो 82 अंश सेल्सिअसला उघडू लागत असेल तर पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. म्हणून पंखा साधारण 95 ला सुरू व्हावा आणि 88 ते 90 च्या सुमारास थांबावा. बंद होण्याचे तापमान थर्मोस्टॅटच्याही खाली ठेवले तर शीतक तेथवर उतरतच नाही आणि पंखा अखंड फिरत राहतो. एका वायरीचा तापमान सेन्सर आपल्या आट्यांमधूनच अर्थिंग घेतो, त्यामुळे तेथे टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये. वातानुकूलन असेल तर कॉम्प्रेसर सुरू होताच पंखाही सुरू झाला पाहिजे, कारण रेडिएटरपुढच्या वातानुकूलनाच्या कंडेन्सरला इंजिन थंड असतानाही हवा लागते.

यांत्रिक पंखा उतरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. काही इंजिनांवर क्लचचा मोठा नट उलट्या आट्यांचा असतो. काहींवर पंख्याचे बोल्टच वॉटर पंपाची पुलीही धरून ठेवतात. पंखा काढल्यावर तेच लांब बोल्ट परत लावले तर पुली घट्ट बसत नाही, म्हणून योग्य लांबीचे आखूड बोल्ट आधीच जवळ ठेवावेत.

गाडी मालकाच्या हाती देण्याआधी बॉनेट बंद करून, वातानुकूलन चालू ठेवून, दुपारच्या उन्हात तिला उभ्या जागी बराच वेळ चालवावे आणि पंखे पुन्हा पुन्हा सुरू होऊन थांबतात का ते पाहावे. त्यानंतर रिले आणि फ्यूजच्या टोकांना हात लावावा. एखादे टोक इतरांहून गरम लागले तर तेथील जोडणी सैल आहे आणि ती त्याच दिवशी उघडून नीट करावी.