पुट ऑफ कसं वापरायचं

पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, दे पुट ऑफ द मीटिंग म्हणजे मीटिंग पुढे ढकलली, रद्द नाही केली हां, रद्द केली तर कॉल ऑफ, आणि हा घोळ फार जण करतात. पुटचं भूतकाळातलं रूपही पुटच.

आता खरी मेख. इट, देम असं सर्वनाम आलं की ते मधेच बसतं, पुट इट ऑफ, पुट ऑफ इट कधीच नाही. पुढे क्रियापद आलं तर त्याला इंग लावा, आय पुट ऑफ कॉलिंग हर, म्हणजे तिला फोन करायचं टाळत राहिलो.

अजून एक अर्थ आहे, मन उडणं. द स्मेल पुट मी ऑफ, वासानेच खायची इच्छा गेली. मला हा वापर फार आवडतो, बोलताना अगदी सहज येतो.