बडोद्याला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

मुंबई-पुण्याकडे राहणाऱ्या घरात बडोद्याच्या नोकरीचे पत्र आले, की पहिला हिशेब मांडला जातो तो पगाराचा आणि भाड्याचा. पगार थोडा कमी, भाडे बरेच कमी, रोजच्या प्रवासातले दोन-तीन तास वाचणार, तेव्हा जायला हरकत नाही, असे त्याचे उत्तर सहसा निघते. हा हिशेब चुकीचा नसतो, परंतु त्यातली मुख्य रक्कमच मांडायची राहून जाते. ज्या नोकरीसाठी आपण जात आहोत ती दोन वर्षांनी राहिली नाही, तर घर न हलवता दुसरी मिळेल काय, हा मध्यम आकाराच्या शहराबाबतचा पहिला प्रश्न आहे. मुंबईत तो कोणी विचारत नाही, कारण तिथे त्याचे उत्तर गृहीत धरलेले असते.

बडोद्यापुरते बोलायचे, तर या प्रश्नाचे उत्तर व्यवसायागणिक बदलते. हे शहर मुळात कारखान्यांचे आहे. १९०७ मध्ये इथे अलेम्बिक ही औषध कंपनी सुरू झाली आणि तिच्या संस्थापकांत कोटीभास्कर हे मराठी नाव होते. पुढे १९६० च्या दशकात कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि खतांची जीएसएफसी आली, आणि त्यांच्यामागून रसायने, औषधे, वीज-उपकरणे यांचे जाळे मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया, सावली या पट्ट्यांत पसरले. सावलीत मेट्रोचे डबे बनतात, हालोलला मोटारी बनतात, आणि टाटा-एअरबसच्या सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या जुळणीचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे रसायन, यंत्र किंवा विद्युत शाखेच्या अभियंत्याला, गुणवत्ता-नियंत्रण किंवा खरेदी विभागात काम करणाऱ्याला इथे दुसरी आणि तिसरी नोकरी मिळण्याची शक्यता चांगली असते. जाहिरात, प्रसारमाध्यमे, मोठ्या वित्तसंस्था यांत काम करणाऱ्याला मात्र ती शक्यता बरीच कमी आहे, आणि घरून काम करण्याची मुभा लेखी मिळालेली नसेल तर त्याने फार विचार करावा.

हे जोखायची एक साधी रीत आहे. जिथे घर घेण्याचा विचार आहे तिथून तासाभराच्या अंतरात आपल्या हुद्द्याची माणसे नेमणाऱ्या कंपन्यांची नावे कागदावर लिहावीत. नावे पाच-सहांच्या पुढे जात नसतील, तर घर विकत घेण्याचा विषय काही काळ बाजूला ठेवावा. नोकरी कंपनीच्या स्वतःच्या पटावर आहे की कंत्राटदाराच्या, हेही मुलाखतीतच स्पष्ट विचारावे, कारण औद्योगिक पट्ट्यात हे दोन्ही प्रकार एकाच फाटकातून आत जातात. सावली किंवा हालोल गाठण्यासाठी कंपनीची बस कुठून सुटते आणि पाळी किती वाजता संपते, यावर राहण्याचा भाग ठरतो.

हाच कागद जोडीदाराच्या नावानेही करावा. माझ्या पाहण्यात बडोद्याला आलेली जी कुटुंबे परत गेली, त्यांतली बहुतेक पतीच्या नोकरीमुळे गेली नाहीत, तर पत्नीला तिच्या पात्रतेचे काम न मिळाल्यामुळे गेली.

घर पाहायला लोक डिसेंबरात येतात, त्या वेळी हवा सुंदर असते आणि अलकापुरीपासून वासणा-भायलीपर्यंत सगळेच भाग चांगले दिसतात. शहर पाहायचे असेल तर मे महिन्यात दोन दिवस आणि ऑगस्टमध्ये दोन दिवस काढावेत. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, म्हणून वरच्या मजल्यावरचे पश्चिमेकडे तोंड असलेले घर स्वस्त का मिळते आहे हे त्या दुपारीच कळते. पावसाळ्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते, आजवा सरोवराचे पाणी सोडले की ती फुगते, आणि पात्रातल्या मगरी पुराबरोबर सोसायट्यांच्या आवारात येतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली होती. समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांत घर पाहताना २०१९ आणि २०२४ मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते, हे दलालाला न विचारता पहारेकऱ्याला किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावे. भिंतीवरची खूण बहुधा ते हातानेच दाखवतात. तळमजल्याचे ‘टेनामेंट’, म्हणजे आपल्याकडचे रो-हाऊस, कितीही मोहक वाटले तरी ही चौकशी झाल्यावाचून बयाणा देऊ नये.

पहिले अकरा महिने भाड्यानेच राहावे, असे माझे मत आहे. पुढे विकत घ्यायचे झाल्यास भाव ‘सुपर बिल्ट-अप’वर, म्हणजे जिने-लॉबीचा वाटा धरून, सांगितला जातो, तो चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या जागेवर, काढून मगच पुण्याच्या भावाशी ताडून पाहावा.

मुले असतील तर वेळेचा प्रश्न मोठा आहे. गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकणे सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचे झाले आहे. तिसरीतले मूल ती लिपी देवनागरीच्या आधाराने पटकन उचलते, परंतु सातवीतल्या मुलावर त्याचा भार पडतो. त्याहून नाजूक बाब दहावी-बारावीची आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात सर्वसाधारणपणे ही दोन्ही वर्षे महाराष्ट्रातून केलेली असावी लागतात. तेव्हा मूल नववीत असेल तर बदली दोन-तीन वर्षे पुढे ढकलता येते का, किंवा एकट्यानेच आधी जाता येते का, हे पाहावे. महाराष्ट्रातला जातीचा दाखला गुजरात राज्याच्या आरक्षणासाठी चालत नाही, हेही अनेकांना उशिरा समजते.

बडोद्यात मराठी माणूस परका ठरत नाही, ही या शहराची खरी जमेची बाजू आहे. गायकवाडांचे राज्य १९४९ मध्ये विलीन झाले, तरी दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरे आहेत, मराठी वाङ्मय परिषद आहे, आणि २०१८ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले होते. मात्र नव्या वस्तीत घर घेतल्यास हे सगळे आपोआप दारात येत नाही. ते शोधत जावे लागते. व्यवहाराला हिंदी पुरते, परंतु शेजारधर्माला आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायला गुजराती हवी. नवरात्रात आपल्या घरी घट बसलेले असतात आणि बाहेर मध्यरात्रीपर्यंत गरबा चाललेला असतो, त्यामुळे ज्यांना लवकर झोपायची सवय आहे त्यांनी मोठ्या मैदानाशेजारचे घर टाळावे.

म्हातारे आई-वडील मागे राहणार असतील, तर अंतर तासांत मोजावे. मुंबई सेंट्रल रेल्वेने सुमारे ३९२ किलोमीटर आहे आणि वेगवान गाड्या चार-पाच तासांत पोहोचवतात. पुणे हा मात्र जवळजवळ पूर्ण दिवसाचा किंवा रात्रीचा प्रवास होतो. शनिवार-रविवारच्या गाड्यांची प्रतीक्षा यादी दोन-तीन आठवडे रोज पाहिली, म्हणजे ‘वाटेल तेव्हा येऊन जाऊ’ या वाक्याचा अर्थ कळतो.

जाण्याचे ठरल्यावर गाडीचा विषय विसरू नये. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवायचे असेल तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. गुजरातमध्ये कर भरल्यावर महाराष्ट्राच्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, म्हणून मूळ पावत्या जपून आणाव्यात. सामान बांधताना आणखी एक पाहावे. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा दिवाणखान्याच्या कपाटातली भेट मिळालेली बाटली ट्रकमध्ये चढण्यापूर्वीच कोणा मित्राला देऊन टाकावी.