एडुरोम दुसऱ्या कॅम्पसवर चालतच नव्हतं, शेवटी असं जमलं

परदेशात शिकायला येऊन दोनच आठवडे झालेले, मोबाईल डेटा संपत आलेला, म्हणजे सगळी भिस्त एडुरोम वायफायवर (आपल्या युनिव्हर्सिटीच्याच लॉगिनने दुसऱ्या सहभागी युनिव्हर्सिट्यांतही चालणारं वायफाय). आमच्या बिल्डिंगमध्ये मस्त चालायचं पण शहरातल्याच दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेलं की नुसतं गोल गोल फिरायचं आणि मग पासवर्ड चुकीचा म्हणून मेसेज. पासवर्ड चार वेळा बदलला, काही उपयोग नाही, उगाच डोक्याला ताप.

घोळ युजरनेममध्ये होता! मी नुसता स्टुडंट नंबर टाकलेला. आपल्या कॅम्पसवर तो कधीकधी चालून जातो कारण सर्व्हर घरचाच, पण बाहेर गेलं की युजरनेममधल्या ॲट (@) चिन्हानंतरचा भाग बघूनच लॉगिन कुठल्या युनिव्हर्सिटीकडे तपासायला पाठवायचं ते ठरतं, आणि माझ्याकडे तो भागच नव्हता.

मग नेटवर्क फरगेट केलं आणि 'गेट एडुरोम' ॲपमधून आपली युनिव्हर्सिटी निवडून ॲटनंतरच्या भागासकट पूर्ण आयडी टाकला, समोरचा सर्व्हर खरा आहे ना हे तपासायचं सर्टिफिकेट पण त्यानेच बसवलं (ते 'डोन्ट व्हॅलिडेट' वगैरे करू नका, खोट्या वायफायला पासवर्ड जाऊ शकतो). लगेच कनेक्ट. आणि हो, हे सेटिंग घरच्या कॅम्पसवर असतानाच करा, कारण ॲप उतरवायलाही नेट लागतंच ना.