यीस्टचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए हरवतो तेव्हा: या चुका टाळा

वायपीडी (ग्लुकोज असलेलं नेहमीचं माध्यम) प्लेटवर यीस्टच्या कॉलन्या भरघोस आल्या, म्हणजे स्ट्रेन (यीस्टचा वाण) ठणठणीत आहे असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ब्रेडचं यीस्ट ग्लुकोज आंबवून जगतं, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत श्वसनातून ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए गेला तरी मरत नाही, फक्त कॉलनी बारकी येते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी यांनी या बारक्या कॉलन्यांचा अभ्यास केला. त्यांना ‘पेटीट’ म्हणतात. साध्या लॅब स्ट्रेनमध्येही शंभरात एखादी पेटीट सहज सापडते. म्हणून प्रयोगाआधी कॉलन्या ग्लिसरॉलच्या प्लेटवर उतरवून बघाच. तिथे श्वसनाशिवाय वाढ नाही.

दुसरी चूक मला जास्त सलते, कारण तिच्यात महिनेच्या महिने जातात. जीन काढला, ग्लिसरॉलवर वाढ थांबली. प्लाझमिडवरून (पेशीत घालायच्या छोट्या गोल डीएनएवरून) तोच जीन परत घातला, तरी वाढ नाही. मग प्लाझमिडला दोष दिला जातो. खरं तर दोष हरवलेल्या डीएनएचा असू शकतो. उदाहरणार्थ, मिप१ हे एन्झाइम मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची नक्कल करतं. ते नसलं की डीएनएच नाहीसा होतो. मायटोकॉन्ड्रियातली प्रथिननिर्मिती बंद पडली तरी तेच होतं. गेलेला डीएनए जीन परत घालून येत नाही. त्यामुळे आधी प्लाझमिड, मग डिलीशन (मूळ जीन काढणं), हा क्रम पाळा.

एबीएफ२चं उदाहरण तर फार बोलकं आहे. हे प्रथिन डीएनएला बांधून त्याची घट्ट गुंडाळी करतं. ते नसलेला स्ट्रेन ग्लुकोजवर डीएनए गमावतो, ग्लिसरॉलवर मात्र टिकवतो. असा स्ट्रेन वायपीडीवर सांभाळत राहिलात, तर नुकसान तुमच्याच हातून होतं.

एस२८८सी या लॅबमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या घराण्यातल्या स्ट्रेनमध्ये पेटीट जास्त दिसतात. त्यांच्यातला मिप१च मुळात थोडा कमजोर आहे. तेव्हा तुमच्या म्युटंटची (जीन बदललेल्या स्ट्रेनची) तुलना त्याच घराण्याच्या मूळ स्ट्रेनशी करा.

वाढ थांबण्याचं कारण केंद्रकात आहे की मायटोकॉन्ड्रियात, हे अंदाजाने ठरवू नका. संशयित पेशीचं मेटिंग (संकर) अशा स्ट्रेनशी करा ज्यात मायटोकॉन्ड्रियल डीएनए अजिबात नाही, पण केंद्रकातले जीन धड आहेत. मेटिंगमधून आलेली जोडपेशी ग्लिसरॉलवर वाढली, तर तुमच्या स्ट्रेनचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए शाबूत आहे आणि बिघाड केंद्रकातल्या एखाद्या अप्रभावी (धड जीन सोबत असला की झाकल्या जाणाऱ्या) म्युटेशनचा आहे. नाही वाढली, तर बहुधा तो डीएनए गेलेला आहे; मग उणे ८० अंशांत गोठवलेली त्या स्ट्रेनची जुनी कुपी काढा आणि ताजी प्लेट पसरताना ग्लिसरॉलचीच घ्या.